आत्याच्या हनुवटीवरचे डाग

हसणार नसाल तर सांगते. पाळीच्या आठ दिवस आधी माझ्या हनुवटीवर तीन फोड यायचे. दर महिन्याला, त्याच जागी. आई मीठ-मोहऱ्यांनी नजर उतरवायची. शेवटी मी आमच्या कंपू मोहल्ल्यातल्या डॉक्टरीणबाई गाठल्या.

"नजर-वजर काही नाही, हे हार्मोन्सचं आहे," त्या म्हणाल्या. "घरात आणखी कुणाला होतं?"

आईला विचारलं, तर ती भिंतीवरच्या आत्याच्या फोटोकडे बघत राहिली.

"वन्संना होतं. लोक काय काय बोलायचे, म्हणून त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. तशाच गेल्या गं, डॉक्टरला कुणी दाखवलंच नाही."

फोटोत आत्याच्या हनुवटीवर तीन डाग होते. इतकी वर्षं आम्ही ते ओलीचे समजत होतो. माझे फोड नेमके तिथेच यायचे.

सहा महिने गोळ्या घेतल्या, चेहरा साफ झाला. परवा फोटो पुसताना आईनं हाक मारली, "अगं, इकडे ये, देख तो जरा!"

आत्याची हनुवटी एकदम साफ होती.

"तू काच उघडलीस?"

"छे! खिळेसुद्धा गंजलेत." मग आई हळूच म्हणाली, "तुझ्याबरोबर वन्संनीपण गोळ्या घेतल्या वाटतं."