दोघेही बोर्जिगिन

उलानबातरच्या प्रयोगशाळेबाहेर खुर्च्या तीन होत्या आणि माणसं दोन, तेमुलेनचे आईवडील. खिडकीआड नमुने नोंदवणाऱ्या सोलोंगोला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"अहो, पोरगी बोर्जिगिन, आपला तेमुलेनही बोर्जिगिन. कूळ एकच निघालं तर लग्न मोडावं लागेल."

"अगं, अर्धं शहर बोर्जिगिन आहे."

"पण बोर्जिगिन हे चंगीझ खानाचं कूळ, आणि आपण थेट त्याचे वंशज ना? माझ्या आईसमोर किती मिरवायचात!"

"हळू बोल. सरकारनं कुळाचं नाव नोंदवायला सांगितलं, तेव्हा आपलं कूळ घरात कुणालाच आठवत नव्हतं. रांगेत पुढच्यानं बोर्जिगिन लिहिलं, मीही लिहिलं."

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं नुसती थाप?"

"तिच्या बापानंही तेच केलं असणार."

"आणि त्यानं खरं लिहिलं असेल तर?"

"मी तर खोटंच लिहिलंय ना! मग नातं येईल कुठून?"

"मग सारखे हात का चोळताय?"

"थंडी आहे."

"हीटरला टेकून बसलाय तुम्ही."

सोलोंगोनं कागद बाहेर सरकवला. दोन्ही बापांच्या रक्तातल्या पितृवंशाच्या सतरा खुणा तपासल्या होत्या. पंधरा जुळल्या की कूळ एकच धरायचं, असा तिथला नियम होता. सोळा जुळल्या होत्या.