पश्चात्-आस्वाद: मध्यम

विठ्ठलवाडी डेपोत अंबरनाथच्या बसच्या रांगेत मालिनीच्या पुढे द्रौपदीबाई आणि चांगुणा उभ्या होत्या. दुपारीच दोघींनी कंपनीत मालिनीनं बनवलेला पाकिटातला उपमा चाखला होता. तो बाजारात आणायचा की नाही, हे उद्या अशाच बायकांनी चवीच्या कागदावर केलेल्या खुणांवर ठरणार होतं. पांढरा कोट आणि टोपी नसलेल्या मालिनीला त्यांनी ओळखलं नाही. तिनं कान टवकारले. याला निरीक्षण म्हणतात, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

"द्रौपदे, त्या कागदावर 'पश्चात्-आस्वाद' म्हणजे काय होतं गं?"

"काय की. मी सगळीकडं 'मध्यम'वर खूण केली. मध्यमाचा कुणाला राग येत नाही."

"मी पण. खरं सांग, कसा लागला?"

"भिंतीवर पत्रकं चिकटवायची खळ असते ना? तिला मोहरीची फोडणी."

"आणि गिळल्यावर, रॉकेलच्या हातानं कुणी घास भरवल्यासारखं."

"मग तसं लिहायचंस की."

"लिहायला जागा कुठं होती? आणि ती पोरगी बघत होती कशी, नव्या सुनेनं पहिला स्वयंपाक वाढल्यासारखी."

मालिनीला राहवलं नाही.

"ताई, खळ पातळ की घट्ट? आणि रॉकेल आधी लागतं, की गिळल्यावरच?"

दोघी वळल्या. द्रौपदीबाईंनी तिला नीट न्याहाळलं आणि पदर सावरला.

"अगंबाई, मॅडम तुम्ही? छान होता हो उपमा."

"खरं सांगा ना."

चांगुणेनं क्षणभर विचार केला.

"मध्यम छान."