पहिल्या करवंदांचा नैवेद्य

करवंदांचं नाव काढलंत म्हणून सांगतो. पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट, आमच्या पोंभुर्ण्याची. आईनं जंगलातून करवंदाचं रोप आणून परसात लावलं होतं. त्याची चांगली जाळी झाली आणि पहिल्यांदाच फळं पिकली, तेव्हा तिनं सगळ्यांना बजावलं, "देवाले ठेवल्याबिगर कोनी तोंडात टाकाचं नाई."

उजाडताच ती टोपली घेऊन गेली, तर जाळीपलीकडे कोणीतरी मचमच खात होतं. तिला वाटलं, शेजारीण.

"काऊन वो बाई, देवाच्या आंधी?"

पलीकडून अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. तोंड रसानं माखलेलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग ते शांतपणे वळून जंगलात गेलं.

आई रिकामी टोपली घेऊन घरात आली.

"करवंदं कुठी हायेत?" बाबांनी विचारलं.

"जाळीवर. नैवेद्य झाला, आता खा."