महिन्याभरात येणारी भाजी

लढाईचे दिवस होते ते. कार्तिक सरत आला होता. लोणावळ्याच्या बाजारात नसीरचाचांकडे बियाणं घ्यायला रतनबाई थांबली होती. तिच्यापुढं कुसगावची एक नवी सून उभी होती आणि तिचा पाय काही एका जागी ठरत नव्हता.

“चाचा, महिन्याभरात काय येतं? धनी लढाईवरनं येत्यात. धाच दिसांची रजा हाय.”

“मेथी घे. कोथिंबीर घे.”

“कोथिंबीर उगवतच न्हाई. दोनदा पेरली.”

“धने रगडून पेरलेस का?”

“रगडायचे व्हय? मी आख्खेच टाकले. रोज उकरून बघत हुते.”

रतनबाईला राहवलं नाही. “अगं, रोज उकरल्यावर रुजंल कसं? म्हायेर कुटलं तुजं?”

“रेल्वेच्या चाळीतलं, मावशी. तितं माती कुटली?”

“मेथी बांधू ना, पोरी?” चाचांनी विचारलं.

“बांधा. आन् सगळ्यात उशिरा काय येतं?”

“फुलकोबी. महिन्यानं रोपं लावायची, मग अडीच महिन्यांनी गड्डा.”

“ती बी द्या. रोपं त्यांच्या हातानं लावून घेते.”

“अगं, गड्डा धरायच्या आत तो माघारी गेलेला असंल. खाणार कोण?” रतनबाई म्हणाली.

“त्येच खातील. यावंच लागंल की मग.”