चालकाच्या बाजूची मॅट

मी, खाली सही करणारा, वय ६७ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., वजनमापे निरीक्षक पदावरून निवृत्त, राहणार या पोलीस ठाण्यामागील गल्लीतील शेवटचे बैठे घर, समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. कालच्या तक्रारीत ‘पत्नीसह’ असे माझ्याकडून सवयीने सांगितले गेले, ते दुरुस्त समजावे. पत्नीचे निधन होऊन चार महिने झाले.

आमच्याकडे एक जुनी मोटार आहे. ती पत्नी चालवीत असे. मी शेजारच्या आसनावर बसत असे. गाडीतील चारही रबरी मॅट झिजल्या होत्या. माझ्या पायाखालील मॅटही झिजली होती, वास्तविक तिकडे ब्रेक नसतो. पत्नी म्हणत असे, “तुम्ही ब्रेक दाबलात की सांगत जा हो, म्हणजे मीही थांबेन.”

काल रविवारी सकाळी साडेदहा वाजता मी मॅट साबणाच्या पाण्याने धुऊन पुसून कोरड्या केल्या. फाटलेल्या जागा काचकागदाने घासल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून ठिगळे कापली. ठिगळाचे कोपरे गोल कापले, कारण टोकदार कोपरा लवकर उचलला जातो. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून, ते चिकट होईपर्यंत थांबून, ठिगळे दाबून बसवली.

चालकाच्या बाजूच्या मॅटला टाचेच्या जागी खळगा पडून तळाशी चीर गेली होती. तिला खालून ठिगळ लावले. वरचा खळगा भरून सपाट करता आला असता. तो केला नाही.

अंगणात तीनच मॅट मावल्या. चौथी, म्हणजे चालकाच्या बाजूची, मी पावणेएक वाजता फाटकाबाहेरच्या कठड्यावर वाळत ठेवली. दोन वाजता पाहिले असता ती तेथे नव्हती. समोरच्या दुकानदाराने भंगारवाल्याने ती हातगाडीवर टाकून नेल्याचे सांगितले. त्यावरून मी चार वाजता या ठाण्यात येऊन त्याच्याविरुद्ध चोरीची तक्रार दिली.

आज सकाळी मेहुणी घरी आली. तिला हकीकत सांगितल्यावर ती म्हणाली, “भाऊजी, कठड्यावर ठेवलेलं म्हणजे घेऊन जायचं, हा ताईचा आणि त्याचा ठराव होता. चोरी कसली? तुम्हीच दिलीत की त्याला!” असा ठराव मला माहीत नव्हता. घरातून वस्तू कमी होत असत एवढे माहीत होते.

मी तातडीने ठाण्यात आलो. भंगारवाला बाकावर बसवलेला होता. मॅट त्याने स्वतःहून आणली होती. तो म्हणाला, “साहेब, सहा वर्षं ताई ठेवतात, मी नेतो. ही पण तशीच नेली. घरी उलटी करून बघतो तर ठिगळ, आणि त्याचे कोपरे गोल कापलेले. टाकायच्या वस्तूचे कोपरे कोण गोल कापत बसतं? तागडीत घातलीच नाही मी. सोल्युशन ओलं होतं, म्हणून पत्र्याच्या पेटीखाली दाबून ठेवली. सहा वाजता परत विचारायला आलो, तीनदा बेल वाजवली.”

बेल वाजली हे खरे आहे. मी घरात होतो. दार का उघडले नाही याबाबत मला काही सांगायचे नाही.

नंतर त्याने विचारले, “ताई माहेरी गेल्यात का? चार महिने कठडा रिकामाच असतो.” मी त्याला सांगितले. तो उठून उभा राहिला. हवालदारांनी दोनदा “बस रे” म्हटले, तरी मी ठाण्यात असेपर्यंत तो बसला नाही.

मी मॅट (वर्णन: रबरी, जुनी, वापरातील) तपासली. माझ्या देखरेखीखालील तिन्ही मॅटच्या ठिगळांच्या कडा थोड्या सुटल्या आहेत. त्याने पेटीखाली दाबून ठेवलेल्या मॅटची एकही कड सुटलेली नाही. खळगा जसाच्या तसा आहे. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे, आणि हे वाक्य जबाबात घ्यावे असा माझा आग्रह आहे. चोरी झालेली नाही. चूक माझी आहे. त्यास तात्काळ घरी जाऊ द्यावे. यापुढे आमच्या कठड्यावर ठेवलेली वस्तू त्याचीच समजावी, मॅट सोडून.

गाडी चालवणारे कोणी नसताना मॅट का दुरुस्त केल्या, असे हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की, मेहुणीने मला गाडी शिकवण्याचे कबूल केले आहे. बंद गाडीत बसून पाहिले असता माझी टाच त्या खळग्यात बरोबर बसते.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितला तसा आहे, एक शब्द वगळून. मॅटच्या वर्णनात ‘जुनी, निरुपयोगी’ असे लिहिले होते. ‘निरुपयोगी’ हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडून तेथे ‘वापरातील’ असे लिहिले आहे, व त्या खाडाखोडीशेजारी मी वेगळी सही केली आहे.