आडवं लगन

रिसोडच्या बसस्टँडवर सोजरबाई गाडीची वाट पाहत होत्या, पण कान मागच्या बाकावरच्या दोघा दोस्तांकडे होते.

"काय रे प्रसेनजित, टॅबलेटवरचं चित्र टीव्हीवर आलं काय?"

"आलं ना, गणेश! जगभरच्या लोकायनं मिळून लिहिलेला फुकटचा ड्रायवर, म्हंजे जोडणीचं सॉफ्टवेअर, टाकला. साक्षीताईच्या लगनाचा अख्खा व्हिडिओ दिसला, पण आडवा!"

"मंग?"

"सारे माना वाकड्या करून पाहून राह्यले."

सोजरबाईंचीही मान कलली.

"आन् आजी? खुबा मोडला म्हणून लगनाले नव्हती ना ते?"

"ते खाटीवर कुशीवरच पडून असते. तिले एकटीलेच सरळ दिसलं!"

"आता दुरुस्त कर ना बे."

"करता येते मले. पण आजी उठून बसली, का मंग करतो."