पाच आठवड्यांचं भूगर्भशास्त्र

नाही सर, बसत नाही, दोनच मिनिटं – बरं, बसते. अठ्ठावन्न पडलेत मला. साठला पास. दोन मार्क हो, फक्त दोन! मी काही रडायला आलेली नाही, आधीच सांगते. तिसरीच्या पोरांना शिकवायचंय मला, वाचन, बेरीज-वजाबाकी. त्यांना कुठे सांगायचंय ग्रॅनाइट कसा होतो ते? पण विद्यापीठाचं म्हणणं, सगळ्यांना सगळं थोडं थोडं यायला हवं – एक कला, एक इतिहास, एक प्रयोगशाळेचं विज्ञान. बाकी सगळं झालं चार वर्षांत, हे एक मागे ठेवलं होतं. ताटातली नावडती भाजी ठेवतो ना कडेला, तसं. म्हटलं, उन्हाळ्यात उरकू. चार महिन्यांचं पाच आठवड्यांत! एक दिवस बुडाला की आठवडा बुडाला. तुमच्याच नियमांच्या कागदावर लिहिलंय, ठळक अक्षरात – दोन गैरहजेऱ्या झाल्या की नापास. पाठ आहे मला. दगड नाही राहिले पाठ, तो कागद राहिला.

एक गैरहजेरी झाली होती माझी. आई न्हाणीघरात पडली त्या दिवशी.

आजारी होती, हो. स्वादुपिंडाचा कॅन्सर. फेब्रुवारीत कळलं. नाही, तुम्हाला कसं माहीत असणार, मी सांगितलंच नव्हतं – आणि घरची रडगाणी सरांना काय सांगायची? आमच्याकडे नाही सांगत. आई बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती, ज्या शाळेत मला नोकरी लागलीये ना, त्याच. ऑगस्टपासून. पदवी हातात असेल तर. ती सगळ्यांना सांगत सुटली होती, माझी शेल्बी मास्तरीण होणार, आता शाळेत जेवायला जाईन ते शिक्षकांच्या टेबलाशी बसून जेवीन! मे महिन्यात पदवीदानाला आली व्हीलचेअरवर, लॉर्ना मावशीनं आणली ढकलत. माझं नाव पुकारल्यावर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली हो तिनं. अंगात जीव नव्हता, कुठून आणली शिट्टी कोण जाणे.

आता गंमत बघा. एक विषय राहिला असला तरी चढू देताच ना तुम्ही स्टेजवर, उन्हाळ्यात पुरा करायच्या बोलीवर? झगा खरा, टोपी खरी, हात मिळवलेला खरा – फोल्डर तेवढं रिकामं. आत एक चिठ्ठी, अटी पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र टपालानं येईल. मला सांगता आलं असतं तिला. त्याच दिवशी सांगता आलं असतं! पण ती ते फोल्डर पोटाशी धरून बसलेली, मावशीनं केक आणलेला – कसं सांगायचं, आई, अजून पास झाले नाही मी? म्हणून मग रोज सकाळी खोटं. शाळेत नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण आहे म्हणून सांगायची आणि चाळीस मैल गाडी हाणत इथे यायची. पाच आठवडे.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी म्हणाली, आजच्या दिवस राहा गं. घरी येणाऱ्या नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता दिवस मोजायचे नाहीत, तास मोजायचे. आणि ही म्हणते, मी करते फोन मुख्याध्यापकांना, ते ऐकतील माझं, त्यांना माझी सफरचंदाची खीर आवडते. खरंच फोन मागायला लागली. मी – मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, आई, दर वेळी तुझंच कसं गं! असं म्हणाले मी. तिनं फोनसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. म्हणाली, जा, जा बाळा, उशीर होईल तुला.

हे कशाला सांगतेय मी तुम्हाला? मार्कांचं बोलत होते.

नऊला पेपर सुरू. मोबाइल सगळ्यांचे तुमच्या टेबलावर, टोपलीत. उठून हात लावला की पेपर काढून घेणार, हेही कागदावर. पावणेदहाला एक वाजायला लागला, थरथरत, टोपलीभर आवाज. तुम्ही विचारलंत, कोणाचा हा? पोरं हसली. आठवतं ना? माझा होता, सर. मला कळलं माझा आहे आणि का वाजतोय तेही कळलं. आणि मी बसून राहिले. साडेदहापर्यंत बसले. पेपर काढून बघा की – चौदाव्या प्रश्नापर्यंत सगळं बरोबर आहे. पंधरापासून पुढे काय लिहिलंय मलाच माहीत नाही.

म्हणून म्हटलं, दोन मार्क.

काय म्हणालात? परत सांगा. परीक्षा नंतर घेतली असती? आठवड्यानं? डिसेंबरपर्यंतसुद्धा? आणि नुसता 'अपूर्ण' असा शेरा – दर उन्हाळ्यात चार-पाच जणांना देता? मग कागदावर का नाही ते? – जे विचारतात त्यांना देता? कोण विचारतात, सर? ज्यांचे आईबाप शिकलेत इथे ते, हो ना? त्यांना घरीच सांगत असतील, मोठी अक्षरं बघून घाबरायचं नाही, जाऊन विचारायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आम्हाला वाटतं, लिहिलंय म्हणजे लिहिलंय.

एक ईमेल पुरला असता? दोन ओळींचा?

नको, पाणी नको. माझ्याकडे असं बघूही नका. द्या साठ, बासष्ट द्या, काय द्यायचं ते द्या. बाहेर एक मुलगी उभी आहे, जुलैच्या वर्गाला नाव घालायला आलीये. तिच्या हातात नुसता तो कागद देऊ नका. तोंडानं सांगा तिला, सर. आत्ता सांगा. मी जाते.